फोरके प्लॅनचे पैसे भरतोय, कॉम्प्युटरवर चित्र मात्र धुरकट, नेमकं काय होतंय?

गोदाकाठ :
नमस्कार मंडळी. आठ-दहा दिवस डोकं लावतोय, काही हाती लागत नाहीये म्हणून शेवटी इथे विचारतो. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या हॉलमध्ये २०१६ साली घेतलेला ५५ इंची फोरके टीव्ही आहे. पॅनल अजून झकास आहे पण आतलं स्मार्ट प्रकरण इतकं जुनं झालंय की निम्मी अ‍ॅप उघडतच नाहीत, म्हणून गेल्या दिवाळीत विंडोज ११ चा कॉम्प्युटर असेंबल करून घेतला आणि तो एचडीएमआयने टीव्हीला जोडला, म्हणजे दिवसा मुलीचा अभ्यास आणि रात्री बाबांचे सिनेमे एकाच मशिनवर. मुलीसाठी शेजारच्या टेबलावर एक जुना १९ इंची मॉनिटर पण त्यालाच लावलाय. एका ओटीटीचा सगळ्यात महागडा प्लॅन घेतला, कारण फोरके फक्त त्यातच आहे.

आणि चित्र येतं ते असं की पावसाच्या सीनमध्ये थेंब दिसतच नाहीत, नुसता करडा पडदा हलतो. अंधारातला सीन असला की भिंतीवर चौकोनी चौकोनी डाग. त्याच मशिनवर, त्याच क्रोममध्ये यूट्यूबचा फोरके व्हिडिओ लावला की झाडाच्या पानावरची शीर सुद्धा दिसते. नेट १०० एमबीपीएस आहे. केबल बदलली, ग्राफिक्स ड्रायव्हर दोनदा टाकला, क्रोम काढून परत टाकलं, कस्टमर केअरने राउटर बंद करून चालू करायला सांगितला तेही तीनदा केलं. त्याच अकाउंटवरून माझ्या फोनवर चित्र काचेसारखं स्वच्छ.

हे एवढं मनाला लागायचं कारण सांगतो. बाबांचं जूनमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर टीव्ही बंद होता, मग हौसेने सिनेमा लावला तर ते मधेच चष्मा काढून पुसायला लागले, परत लावला, परत पुसला, आणि हळूच म्हणाले, "ऑपरेशन नीट झालेलं दिसत नाही रे." आम्ही परत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डोळा उत्तम आहे. मग दोष चित्रातच असणार, पण तो येतोय कुठून? कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

तपकीरगल्ली :
गोदाकाठ, पहिलं म्हणजे बाबांना सांगा की डोळे ठणठणीत आहेत. आणि तुमचं मशिन पण ठणठणीत आहे. तुम्हाला समोरूनच कमी दर्जाचं चित्र पाठवलं जातंय, कारण तुमच्या कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नाही. मी पुण्यात २० वर्षं असेंबलिंग-रिपेअरिंग करतोय, दर महिन्याला एक तरी माणूस हीच तक्रार घेऊन येतो आणि बिचाऱ्याने तोवर ग्राफिक्स कार्ड बदललेलं असतं.

सिनेमाची चोरून कॉपी होऊ नये म्हणून दोन कुलपं लावलेली आहेत, दोन वेगळ्या ठिकाणी. पहिलं ब्राउझरमध्ये. क्रोममध्ये वाइडवाइन नावाचं कुलूप असतं, ते बनवणारी कंपनी गूगलने २०१० साली घेतली. त्याच्या पायऱ्या आहेत, एल१ ते एल३. एल१ असेल तर किल्ली लावायचं आणि चित्र उलगडायचं काम चिपमधल्या एका बंदिस्त कप्प्यात होतं, बाकीच्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येत नाही. तुमच्या फोनमध्ये ते आहे म्हणून तिथे स्वच्छ दिसतं. कॉम्प्युटरवरच्या क्रोमला साधारणपणे एल३ धरलं जातं, म्हणजे सगळं काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि एल३ दिसलं की ओटीटीवाले फोरके सोडतच नाहीत, कुणी ७२० ला थांबवतं, कुणी त्याच्याही खाली. हिशोब करून बघा, फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके, आणि ७२० म्हणजे १२८० गुणिले ७२०, सव्वानऊ लाखाच्या आसपास. पैसे पूर्ण चित्राचे, घरात येतो नववा हिस्सा. यूट्यूबच्या साध्या व्हिडिओला हे कुलूप नसतं म्हणून तिथे पानाची शीर दिसते.

विंडोजवर यातून खात्रीची वाट म्हणजे एज वापरायचं किंवा त्या ओटीटीचं स्वतःचं अ‍ॅप असलं तर ते. एजमध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं कुलूप, प्लेरेडी, असतं आणि ते ग्राफिक्स चिपच्या आतल्या कप्प्यापर्यंत पोचतं. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०१६ मध्ये कॉम्प्युटरवर पहिल्यांदा फोरके दिलं तेव्हा अटच होती, विंडोज १०, एज ब्राउझर आणि इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, यातलं एक नसलं तरी नाही. आता अट बरीच सैल झालीये पण कल्पना तीच. आणखी एक, व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारात (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) येत असेल तर विंडोजच्या स्टोअरमधून त्याचं एक्स्टेन्शन टाकावं लागतं, बऱ्याच असेंबल केलेल्या मशिनवर ते नसतं.

दुसरं कुलूप केबलवर. त्याचं नाव एचडीसीपी. टीव्ही जोडला की कॉम्प्युटर आधी त्याची ओळख तपासतो. जुन्या एचडीसीपीमध्ये प्रत्येक यंत्राला ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या कारखान्यातच दिलेल्या असतात, दोघं आपापला हिशोब करतात, उत्तर जुळलं तर चित्र सुटतं. आणि एकदा जुळलं म्हणजे झालं असंही नाही, दर १२८ फ्रेमनंतर, म्हणजे ६० हर्ट्झला दोन-दोन सेकंदांनी, हिशोब परत जुळवला जातो. केबल थोडी सैल असली की चित्र क्षणभर काळं होऊन परत येतं ना, ते बरेचदा हेच असतं. फोरकेसाठी एचडीसीपी २.२ लागतं आणि २०१५-१६ च्या बऱ्याच टीव्हींमध्ये सगळ्या एचडीएमआय पोर्टना ते नसायचं, एखाद्यालाच असायचं. टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघा, पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता मुख्य प्रश्न. तो १९ इंची मॉनिटर कशाने जोडलाय? निळी पिन असेल तर मला वाटतं चोर तिथेच सापडला.

गोदाकाठ :
अहो हो, निळीच पिन! मॉनिटर व्हीजीएचा आहे, कार्डाला व्हीजीए नाही म्हणून ३०० रुपयांचा छोटा कन्व्हर्टर लावलाय. पण सिनेमा तर टीव्हीवर चालू असतो, मॉनिटरवर नुसता वॉलपेपर. त्याचा काय संबंध?

तपकीरगल्ली :
संबंध आहे. व्हीजीए अ‍ॅनलॉग आहे, त्यावर एचडीसीपी होऊच शकत नाही. आणि बऱ्याच सेवा फक्त सिनेमाचा स्क्रीन बघत नाहीत, मशिनला जोडलेला प्रत्येक स्क्रीन बघतात. एक जरी नापास झाला तरी सगळ्यांना खालचं चित्र. खिडकी ओढून दुसऱ्या स्क्रीनवर नेता येते ना, म्हणून. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये एचडीसीपी स्टेटस बघायची सोय आहे, दोन्ही स्क्रीन एकेक करून तपासा. आज रात्री निळी पिन काढून, एजमध्ये लावून बघा आणि कळवा.

कुलाबाकर :
एवढा व्याप कशाला करता, टेलिग्रामवर सगळं पडलेलं असतं, फोरके फाइल उतरवा, कुठल्याही प्लेअरवर कुठल्याही मॉनिटरवर चालते. कुणी विचारत नाही.

गोदाकाठ :
कुलाबाकर, राग मानू नका पण ते मला करायचं नाही. माझा मावसभाऊ सिनेमांच्या साउंडवर काम करतो, एकेका पावलाच्या आवाजासाठी रात्र-रात्र बसतो. त्याचे पैसे बुडवून मला सिनेमा बघायचा नाही. पैसे भरलेत तेवढं चित्र द्या, इतकंच म्हणणं आहे.

संकलनकक्ष :
मी मराठी सिनेमांच्या एडिटिंगमध्ये आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने दोन शब्द. शुक्रवारी सिनेमा लागतो आणि शनिवारी सकाळी त्याची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला लागते, तेव्हा काय वाटतं ते सांगता येणार नाही. दोन वर्षं त्यात गेलेली असतात आणि मराठीत निर्माता बरेचदा घर गहाण टाकूनच उभा असतो. त्यामुळे कुलूप नको असं मी कधीच म्हणणार नाही.

पण या कुलपाने आमचं रक्षण होतं का, तर मला ते दिसत नाही. कुलाबाकर म्हणतायत ते चूक असलं तरी खरं आहे, ओटीटीवर आलेल्या सिनेमाची स्वच्छ फोरके फाइल बाहेर फिरत असतेच. म्हणजे ज्याला चोरायचंय त्याचं काही अडलेलं नाही, अडलेत ते गोदाकाठ यांचे बाबा. आणि आम्ही पावसाचा सीन रंगवताना एकेक थेंब वेगळा दिसावा म्हणून कलरिस्टच्या शेजारी बसून भांडतो हो. तो थेंब रीतसर पैसे भरलेल्या माणसापर्यंतच पोचत नाही हे वाचून फार वाईट वाटलं.

ठाणेकर७२ :
हे दुखणं आजचं नाही. २००६ साली मी लॅमिंग्टन रोडवरून ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं, खोक्यावर एचडीसीपी रेडी असं ठळक छापलेलं. नंतर कळलं की त्या काळात तसं छापलेल्या कार्डांमध्ये किल्ल्यांची चिपच बसवलेली नव्हती, चिप हे करू शकते एवढाच रेडीचा अर्थ. बिल अजून ठेवलंय मी. त्यानंतर जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २००६ मध्ये, ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गटमन यांनी व्हिस्टातल्या कॉपी प्रोटेक्शनची किंमत कोण मोजणार यावर मोठा निबंध लिहिला होता, आम्ही प्रिंट काढून लोकलमध्ये वाचायचो. त्यातल्या काही मुद्द्यांवर नंतर वाद झाले, मायक्रोसॉफ्टनेही उत्तर दिलं, पण मुख्य गोष्ट डोक्यात पक्की बसली की आपल्याच कॉम्प्युटरमध्ये आपल्याला बंद असलेला एक रस्ता आता असणार आहे.

ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी या डिस्कच्या कुलपाचं नाव एएसीएस, त्याच्या करारात तर चित्र खाली आणायची सोय लिहूनच ठेवलेली होती. डिस्कवर एक खूण ठेवता येते, ती असली की अ‍ॅनलॉग तारेवर ९६० गुणिले ५४० इतकंच चित्र द्यायचं, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौथा हिस्सा. पुढे ३१ डिसेंबर २०१० नंतर बनणाऱ्या प्लेअरना अ‍ॅनलॉगवर एचडी द्यायचंच नाही, आणि ३१ डिसेंबर २०१३ नंतर अ‍ॅनलॉग बाहेर काढायचंच नाही. निळ्या पिनेचा मृत्यू तारीख घालून ठरवला होता त्यांनी.

आणि एवढं करून कुलूप टिकलं का? २००७ च्या मे महिन्यात एएसीएसची एक किल्ली, ०९ एफ९ ने सुरू होणारा आकडा, नेटवर अशी पसरली की काढून काढून थकले. सप्टेंबर २०१० मध्ये एचडीसीपीची मास्टर की बाहेर आली आणि ती खरी आहे हे इंटेलनेच मान्य केलं. त्यानंतर २.२ आलं, आणि बहुतेक जुन्या यंत्रांना २.२ देता येत नाही, नवीनच घ्यायचं. म्हणजे फुटलं त्यांचं कुलूप आणि नवीन टीव्हीचा खर्च आपल्या माथी.

एडिसनकर :
ठाणेकर, डिस्कचं तुम्ही काढलंत म्हणून लिहितो. मी न्यू जर्सीत असतो आणि मला फोरके डिस्क विकत घ्यायचा छंद आहे. कपाटात ६०-७० डिस्क आहेत, एकेकीला २५-३० डॉलर मोजलेत. कॉम्प्युटरवर बघायचो. तीन वर्षांपूर्वी प्रोसेसर बदलला, चांगला महागातला घेतला, आणि घरातली एकही फोरके डिस्क चालेना. ड्राइव्ह तोच, सॉफ्टवेअर तेच आणि तेही पैसे भरून घेतलेलं.

कारण शोधायला एक अख्खा वीकेंड गेला. अधिकृत सॉफ्टवेअरला डिस्कच्या किल्ल्या लपवायला इंटेलच्या प्रोसेसरमधला एसजीएक्स नावाचा कप्पा लागतो. तो कप्पा अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकला, आणि सहाव्या पिढीत तो होता तर बाकीची सोय नव्हती. म्हणजे सातव्या ते दहाव्या पिढीपर्यंतचेच प्रोसेसर, तेही आतल्याच ग्राफिक्सवर, आणि दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर तर हे कधी चाललंच नाही. नवीन मशिन जुन्यापेक्षा दुप्पट वेगाचं आहे आणि तरीही ते मी घेतलेली डिस्क दाखवू शकत नाही. आता माळ्यावरचं जुनं मशिन खाली आणून फक्त सिनेमासाठी ठेवलंय, बायको म्हणते ही धुळीची पेटी हॉलमधून कधी जाणार.

इथे कुलूप स्वतः उघडायचं म्हटलं तर १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१ आडवं येतं. डिस्क तुमची, सिनेमा घरातच बघणार, तरी कुलपाला हात लावणं हेच वेगळं बेकायदा. काही सवलती आहेत, दर तीन वर्षांनी त्यांचा आढावा घेतात, पण माझ्यासारख्याने आपली डिस्क आपल्या कॉम्प्युटरवर बघावी ही त्यात अजून बसलेली नाही.

बाईमॅडम :
कायद्याचा विषय निघालाय तर आपल्याकडचं सांगते. मी महाविद्यालयात शिकवते, चित्रपट रसग्रहणाचा एक पेपर माझ्याकडे आहे. वर्गात दाखवायला एका सिनेमातली एक फ्रेम हवी होती, स्क्रीनशॉट घेतला तर सबटायटल सकट सगळा काळा चौकोन. चौकट आहे, खाली प्ले-पॉजची बटणं आहेत, मध्ये काही नाही. मुलांना तीच काळी चौकट दाखवून सांगितलं की हे असं का होतं, आणि तो अख्खा तास त्यावरच गेला.

तेव्हा मी कायदा नीट वाचला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ६५अ आलं. कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण त्यात एक महत्त्वाचा शब्द आहे, हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडलं तर. आणि पुढे असंही म्हटलंय की कायद्याने जे स्पष्टपणे मना केलेलं नाही अशा कामासाठी केलं तर हे कलम आडवं येणार नाही, फक्त तुम्हाला जो मदत करेल त्याने तुमचं नाव, पत्ता, कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. शिक्षकाने शिकवताना कृती वापरायला कलम ५२ मध्ये मुभा आहेच. म्हणजे आपला कायदा अमेरिकेपेक्षा पुष्कळ समजूतदार आहे. अडचण ही की कायदा परवानगी देतो आणि मशिन देत नाही. मशिनला कलम ५२ दाखवून उपयोग नाही, आणि दाद मागायची तर ग्राहकाने कुणाकडे मागायची हे त्या कलमांत मला कुठे सापडलं नाही.

पंचगंगा_लिनक्स :
बाईमॅडम, छान लिहिलंत. मी कोल्हापूरचा, घरी फक्त लिनक्स. आमच्याकडे एज लावा हा उपाय सुद्धा नाही, लिनक्ससाठी एज मिळतं पण त्यात तो हार्डवेअरचा कप्पा नसतो, वाइडवाइन पण सॉफ्टवेअर पातळीचंच. दरमहा तेवढेच पैसे भरून आम्ही एसडी नाहीतर ७२० वर, आणि कुठल्या प्लॅनच्या पानावर हे ठळक लिहिलेलं मी बघितलेलं नाही.

लिनक्सवाल्यांचं हे रडगाणं नाही, मुळात ही सगळी लढाई तिथूनच सुरू झाली. १९९९ मध्ये नॉर्वेच्या यॉन योहान्सेन या शाळकरी वयाच्या मुलाने इतर दोघांबरोबर डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्रॅम बाहेर आणला, त्याचं म्हणणं हेच होतं की लिनक्सवर डीव्हीडी बघायला दुसरा रस्ताच नाही. त्याच्यावर खटला भरला. ओस्लोच्या कोर्टाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडलं, स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघणं गुन्हा नाही म्हणून, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. मी कॉलेजात असताना ही बातमी वाचून लिनक्सकडे वळलो.

मग ब्राउझरचा जमाना आला आणि १८ सप्टेंबर २०१७ ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघटनेने ही कुलपं ब्राउझरमध्ये बसवायची पद्धत, ईएमई, अधिकृत मानक म्हणून जाहीर केली. त्याच दिवशी ईएफएफ ही इंटरनेटवरच्या हक्कांसाठी झगडणारी संस्था तिथल्या सभासदत्वाचा राजीनामा देऊन बाहेर पडली. त्यांची मागणी फार नव्हती, दुरुस्ती, अपंगांसाठी सोय, सुरक्षा-संशोधन अशा कायदेशीर कामासाठी कुलपाला हात लावणाऱ्यावर खटला भरणार नाही एवढं सभासदांनी लिहून द्यावं. ते झालं नाही. ते झालं असतं तर आज बाईमॅडमची फ्रेम आणि गोदाकाठांच्या बाबांचा सिनेमा याबद्दल बोलायला निदान पायाखाली काही जमीन असती असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ :
मंडळी, काल रात्री सगळं करून बघितलं, क्रमाने सांगतो म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी नुसतं एज लावलं, मॉनिटर तसाच ठेवून. काही फरक नाही, उलट थोडं वाईटच. मग मुलगी झोपल्यावर टेबलाखाली शिरून निळी पिन काढली, त्याचे ते दोन बारीक स्क्रू गंजलेले, पक्कड लावावी लागली. परत तोच सीन लावला, पाच-सात सेकंद धुरकट आणि मग एकदम साफ झालं, फुल एचडी. म्हणजे तपकीरगल्ली यांचा अंदाज शंभर टक्के बरोबर, ३०० रुपयांचा कन्व्हर्टर. मग टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे गेलो. चार पोर्ट आहेत, फक्त तिसऱ्याशेजारी एचडीसीपी २.२ असं नखाएवढ्या अक्षरात लिहिलंय आणि माझी केबल पहिल्यात होती, तिसऱ्यात सेटटॉप बॉक्स. अदलाबदल केली, स्टोअरमधून एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन टाकलं, मशिन रीस्टार्ट केलं, आणि फोरके आलं. रात्रीचा दीड वाजला होता.

पंचगंगा म्हणतात ते प्लॅनच्या पानाचं मी आज सकाळी परत जाऊन तपासलं. तिथे फोरके ठळक आहे, एज, २.२, निळी पिन यातलं काही नाही, ते दुसऱ्याच मदतीच्या पानावर तीन क्लिक आत सापडलं. तसं त्यांना लिहून पाठवलंय, दोन्ही पानांचे फोटो जोडून, की हे पैसे घ्यायच्या आधी दाखवा. उत्तर आलं की इथे टाकतो.

मुलीचा मॉनिटर मात्र रोज संध्याकाळी काढायचा आणि सकाळी परत लावायचा असं चाललंय, नुसता विंडोजमधून बंद केला तर चालतं का ते आज बघणार आहे. एचडीएमआयचा जुना मॉनिटर कुणाकडे नाशिकमध्ये विकायला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, २२ इंची पुरे.

बाबांना सकाळी उठल्यावर तोच पावसाचा सीन लावून दिला. चष्मा न पुसता शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाले, मागे खिडकीत बाई उभी आहे ती कालपर्यंत दिसलीच नव्हती.